रकान्यांत विखुरलेले बालक

कोल्हापुरात टाउन हॉलच्या समोर उभ्या असलेल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला जिल्ह्यातील जुनी माणसे अजूनही थोरला दवाखाना म्हणतात. आणि घरातील दुखणे गावच्या डॉक्टरांच्या आवाक्याबाहेर गेले की शाहूवाडीच्या डोंगरातली, शिरोळच्या ऊसपट्ट्यातली, घाटाखालच्या कोकणातली आणि सरहद्दीपलीकडच्या निपाणी-चिकोडीचीही माणसे अखेर याच थोरल्या दवाखान्याची वाट धरतात. त्या वाटेवरील एका मातेची आपण क्षणभर कल्पना करू. ती भुदरगड तालुक्यातील आहे, तिच्या मांडीवर दीड महिन्याचे मूल आहे, मुलाच्या टाळूला भेग असल्यामुळे प्यायलेले दूध नाकावाटे बाहेर येते, त्याचे डावे पाऊल आत वळलेले आहे, आणि गारगोटीच्या डॉक्टरांनी छाती तपासून हृदयात काही जादा आवाज ऐकू येतो असे सांगितले आहे. आता टाळू पाहणारा शल्यविशारद निराळा, पावलाला दर आठवड्याला प्लास्टर घालून ते सरळ करणारा अस्थिरोगतज्ज्ञ निराळा, हृदयाचा टू-डी इको काढणारा तर कित्येकदा दुसऱ्याच शहरातला. प्रत्येकाचा कागद वेगळा, फाईल वेगळी, पुढच्या भेटीची तारीख वेगळी. हा कोणा एका रुग्णालयाचा दोष नव्हे. आधुनिक वैद्यकाने अवयवागणिक जे विलक्षण प्रावीण्य संपादन केले त्याची ही किंमत आहे, आणि ती जगात सर्वत्रच मोजावी लागते. परंतु संध्याकाळी परतीच्या एस.टी.त बसलेल्या त्या मातेच्या पिशवीत तीन फायली असतात आणि संपूर्ण मूल मात्र त्यांतील एकाही फायलीत नसते.

टाळू, पाऊल आणि हृदय ही तीन स्वतंत्र संकटे योगायोगाने एका देहात आली, की गर्भाच्या घडणीत कोठेतरी एकच धागा उसवला आणि त्याचे परिणाम तीन ठिकाणी दिसले? जन्मजात व्यंगांच्या शास्त्रातील हा जुना आणि मूलभूत प्रश्न आहे. अलीकडे त्याच्याकडे पाहण्याची एक नवी गणिती रीत रूढ होऊ लागली आहे. तिला आपण जाल-विश्लेषण म्हणू. या रीतीचा उगम, तिचे सामर्थ्य, तिच्यातील फसगतीच्या जागा आणि कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात तिचा उपयोग करावयाचा झाल्यास कोणती तजवीज हवी, यांचा परामर्श घेण्याचे येथे योजिले आहे. माझे मत आरंभीच नमूद करतो: गणित तयार आहे, उणीव आहे ती नोंदवहीची.

प्रथम प्रश्नाचे परिमाण पाहू. मार्च ऑफ डाइम्स या अमेरिकन संस्थेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालात दरवर्षी सुमारे ७९ लाख मुले, म्हणजे जन्मणाऱ्या मुलांपैकी सुमारे सहा टक्के, गंभीर जन्मजात दोष घेऊन येतात असा अंदाज दिला होता, आणि भारतासाठी हे प्रमाण दर हजार जन्मांमागे ६४.४ धरले होते. उलट, भारतातील निरनिराळ्या रुग्णालयांतून झालेल्या पाहण्या एकत्र करून पुणे विद्यापीठातील प्राजक्ता भिडे आणि अनिता कर यांनी २०१८ मध्ये जो राष्ट्रीय अंदाज मांडला तो दर दहा हजार जन्मांमागे सुमारे १८४ एवढा, म्हणजे टक्केवारीने दोनाच्याही खाली. दोन आकड्यांतील ही तफावत पाहून वाचकाने गोंधळून जाऊ नये. पहिल्या अंदाजात रक्तातील व चयापचयातील, पुढे कित्येक वर्षांनी उघडकीस येणारे दोषही जमेस धरले आहेत. दुसऱ्यात बाळंतपणाच्या वेळी वा लगेच नंतर डोळ्यांना दिसलेले दोष मुख्यतः आहेत. जितके बारकाईने पाहावे तितके अधिक सापडते हे पुण्यातीलच एका पाहणीने दाखविले आहे. तेथे सुमारे २,१०० गर्भवतींची गरोदरपणापासून पाठराखण करून मुले तपासली असता हे प्रमाण दहा हजारी २३० पर्यंत गेले, आणि हृदयाचे दोष सर्वांत अधिक निघाले. सेवाग्रामच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात २००५ ते २००७ या काळातील ९,३८६ बाळंतपणांत १७९ मुले सव्यंग आढळली होती.

कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत ३८,७६,००१ होती. जन्मदर हजारी १५ धरला, तर वर्षाला सुमारे ५८ हजार जन्म होतात. त्यांना १८४ चे प्रमाण लावले, तर हजारावर मुले दरवर्षी या जिल्ह्यात काही ना काही दृश्य व्यंग घेऊन जन्मत असली पाहिजेत. हे त्रैराशिक माझे आहे, मोजदाद नव्हे. सव्यंग मुलांपैकी साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शात एकाहून अधिक व्यंगे असतात असा बहुतेक देशांचा अनुभव आहे. त्या हिशेबाने ज्यांच्याविषयी हा लेख आहे अशी दोन-अडीचशे मुले आपल्या एका जिल्ह्यात वर्षाला येतात.

एका कारणापासून एक व्यंग की एका कारणापासून अनेक, हा वाद आपल्याकडेही प्राचीन आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीजाच्या ज्या अंशात दोष उत्पन्न होतो त्या अंशापासून घडणाऱ्या अवयवास विकृती येते असे प्रतिपादन आहे, आणि आनुवंशिकतेच्या आजच्या ज्ञानाकडे पाहता त्यातील सूक्ष्म दृष्टीचे नवल वाटते. सुश्रुताने मात्र गर्भिणीचे डोहाळे अपुरे राहिले तर कुबडे, पांगळे, खुजे, मतिमंद किंवा नेत्रहीन अपत्य होते असे म्हणून अनेक व्यंगांचा भार एकाच कारणावर टाकला. लोकसमजुतीचा मार्ग त्याहूनही सरळ. ग्रहणकाळात गर्भवतीने विळी हातात घेऊ नये, काही चिरू नये, नाहीतर मुलाचा ओठ दुभंगतो, ही धास्ती आजही आपल्या गावांतून संपूर्ण गेलेली नाही. या सर्व उपपत्तींत एक गोष्ट समान आहे, ती अशी की कारणाचा शोध शेवटी आईच्या दारात येऊन थांबतो. ओठ दुभंगलेले मूल मांडीवर घेऊन, त्या दिवशी आपण भाजी चिरली का, हे आठवीत बसलेली स्त्री ज्याने पाहिली असेल त्याला या विषयातील खऱ्या ज्ञानाची निकड निराळी सांगावी लागणार नाही.

खऱ्या ज्ञानाचा पहिला मोठा पुरावा मिळाला तो सहभावातूनच, म्हणजे निरनिराळी व्यंगे एकाच मुलात आढळण्यातूनच. सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्याकडे १९४१ साली जन्मजात मोतीबिंदूची मुले एकाएकी फार येऊ लागली. एकूण ७८ मुले त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केली, आणि त्यांतील पुष्कळांना हृदयविकारही आहे हे ध्यानात घेऊन मागोवा काढला तेव्हा बहुतेक मातांना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाला होता असे निष्पन्न झाले. डोळा आणि हृदय हे अवयव परस्परांपासून दूर. परंतु दोघांची घडण गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत चालू असते, आणि त्याच वेळी विषाणू तेथे पोहोचला. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची जी मोठी मोहीम निघाली तिचे बीज ग्रेग यांच्या त्या निरीक्षणात आहे. वीस वर्षांनी, १९६१ मध्ये, थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाने दुसरा धडा दिला. जर्मनीत लेंझ आणि ऑस्ट्रेलियात मॅक्‌ब्राइड यांनी धोक्याची सूचना दिली तोवर सुमारे दहा हजार मुले खुंटलेल्या हातापायांची जन्मली होती, आणि त्यांतील अनेकांचे कान, डोळे, आतडी व हृदयही सदोष होते. एवढा अनर्थ होईपर्यंत तो कोणाच्या दप्तरात का दिसला नाही, या प्रश्नातून जन्मजात व्यंगांच्या कायम नोंदवह्या अस्तित्वात आल्या: अमेरिकेतील अटलांटा शहरात १९६७ मध्ये, आणि युरोपातील देशांची संयुक्त नोंद १९७९ मध्ये.

टेक्सासच्या नोंदवहीची कथा आपणास अधिक जवळची वाटावी, कारण तीही सरहद्दीवरची आहे. मेक्सिकोच्या सीमेलगत ब्राउन्सव्हिल या गावी एप्रिल १९९१ मध्ये एकाच रुग्णालयात छत्तीस तासांच्या आत कवटी व मेंदूची पूर्ण घडण न झालेली तीन मुले जन्मली. हा योगायोग नसावा हे तेथील परिचारिका व डॉक्टरांनी ओळखले, चौकशी झाली, आणि १९९३ मध्ये टेक्सासने कायदा करून नोंदवहीची तरतूद केली. मक्यावरील बुरशीच्या विषापासून गरिबीपर्यंत अनेक कारणांचा तेथे ऊहापोह झाला. पण या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की जाल-विश्लेषणासाठी लागणारी विपुल सामग्री पुढे त्याच नोंदवहीतून मिळाली.

सहभावाचे नामकरण आधीच सुरू झाले होते. मणक्यांचे दोष, गुदद्वार नसणे, अन्ननलिका व श्वासनलिका यांचा विपरीत जोड, आणि हाताच्या अंगठ्याकडील हाडाचे व मूत्रपिंडाचे दोष हे एकत्र आढळतात असे १९७३ मध्ये क्वान व स्मिथ यांनी दाखविले. पुढे त्यात हृदयाच्या दोषांचीही भर पडली. या गटाला आद्याक्षरांवरून व्हॅक्टर्ल म्हणतात, आणि त्याचे एकच एक कारण अद्यापि हाती आलेले नाही. दुसरा गट चार्ज नावाचा. डोळ्यातील पडद्याची खाच, हृदयदोष, नाकाच्या मागील वाटा बंद असणे, वाढ खुंटणे, कानांची विचित्र ठेवण, हे एकत्र येते असे १९७९ च्या सुमारास दोन निरनिराळ्या वैद्यांनी नोंदविले. पाव शतक तो केवळ सहभावच मानला गेला. आणि २००४ मध्ये नेदरलँडच्या संशोधकांना सीएचडी-७ हा जनुक सापडताच त्याच गटाला लक्षणसमुच्चयाचा, सिंड्रोमचा, दर्जा मिळाला. ज्यांनी प्रथम या मुलांचे कागद शेजारी शेजारी ठेवले त्यांच्याकडे जनुक तपासण्याचे कोणतेही साधन नव्हते. होती ती फक्त एकत्र पाहण्याची सवय.

ही सवय यंत्राला लावणे म्हणजेच जाल-विश्लेषण. प्रत्येक व्यंग ही एक गाठ मानावयाची. दोन व्यंगे एका मुलात आढळली की त्या दोन गाठींत एक दुवा काढावयाचा. अशी मुले जितकी अधिक तितका दुवा जाड. हजारो मुलांच्या नोंदी अशा मांडल्या की कागदावर एक जाळे उमटते, आणि त्या जाळ्यात काही ठिकाणी गाठी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या दिसतात. अशा पुंजांचा शोध घेण्याच्या गणिती कृती समाजशास्त्रात व भौतिकीत सिद्ध झाल्या होत्या. रोगांच्या अभ्यासात त्यांना प्रतिष्ठा मिळाली ती २००७ मध्ये, जेव्हा बाराबाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,२८४ विकार आणि १,७७७ जनुके यांचे जाळे काढून समान जनुकांनी जोडलेले विकार कसे समूहाने राहतात हे दाखविले. जन्मजात व्यंगांसाठी टेक्सासच्या नोंदी वापरून २०१९ मध्ये बेंजामिन, अगोपियन आदी संशोधकांनी सहभावांची पद्धतशीर छाननी करणारी एक संगणकीय प्रणाली प्रसिद्ध केली, आणि तिच्यावर आधारलेले काम त्यानंतर चालू आहे.

जाळेच का काढावे, साधी कोष्टके का पुरत नाहीत? कारण संख्यांचा पूर. शंभर व्यंगांची यादी घेतली तर जोड्या ४,९५० होतात, त्रिकुटे १,६१,७००, आणि पाच-पाचांचे गट साडेसात कोटींच्या वर जातात. इतके रकाने भरण्याइतकी मुले पृथ्वीवर कोणत्याही नोंदवहीत नाहीत. जाळे फक्त जोड्या मोजते आणि मोठे गट त्यांच्या घनतेवरून ओळखते. ही युक्ती सुंदर आहे, परंतु तिची एक किंमत आहे, आणि उत्साही लेखकांच्या हातून ती नेमकी विसरली जाते. टाळू-हृदय हा दुवा काही मुलांनी निर्माण केला, हृदय-पाऊल हा दुसऱ्या मुलांनी, पाऊल-टाळू हा तिसऱ्यांनी. जाळ्यात त्रिकोण पूर्ण झाला, पण तिन्ही व्यंगे असलेले एकही मूल कदाचित नोंदवहीत नसेल. म्हणून जाळ्यात दिसलेला प्रत्येक पुंज पुन्हा मुलांच्या मूळ नोंदींशी रुजुवात घालून पाहिलाच पाहिजे.

फसगतीच्या जागा आणखीही आहेत, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म त्यांतच आहे. समजा, दोन व्यंगे प्रत्येकी हजारात एक या प्रमाणात आढळतात. ती परस्परांपासून स्वतंत्र असतील तर दोन्ही एकत्र असलेले मूल दहा लाखांत एक यावे. एखाद्या नोंदवहीत एक लाख जन्मांत अशी तीन मुले मिळाली, तर अपेक्षेच्या तीसपट! या आकड्याने कोणाचेही डोळे दिपतील. परंतु खूरी, जेम्स व एरिक्सन यांनी १९९० मध्येच दाखवून दिले की ही तुलना मुळात फसवी आहे. कारण अनेक व्यंगांची मुले हा एक निराळाच वर्ग असून त्या वर्गात सर्वच व्यंगांची दाटी असते. कोल्हापूरच्या गूळबाजारात दोन दूरच्या गावांचे शेतकरी एकाच दिवशी दिसले, म्हणून त्या गावांत सोयरीक आहे असे आपण मानीत नाही. बाजाराच्या दिवशी सारा मुलूखच तेथे लोटतो. बाजारातील सर्वसाधारण गर्दी वजा केल्यावरही ज्या दोन गावांची माणसे वारंवार एकाच गाडीतून उतरतात, त्यांच्याविषयी चौकशी करावी. टेक्सासची प्रणाली ही वजाबाकी करते, आणि म्हणूनच तिच्या निष्कर्षांना वजन आहे.

दुसरे असे की ४,९५० जोड्यांची परीक्षा शेकडा पाचाच्या कसोटीने केली, तर काहीही संबंध नसताना सुमारे अडीचशे जोड्या निव्वळ दैवयोगाने उत्तीर्ण होतील. कसोटी त्या मानाने कठोर न करणाऱ्याला जाळे सदैव भरगच्चच दिसेल. तिसरे, दुवा दिशा सांगत नाही. पाठीच्या कण्याची फट न मिटलेल्या मुलाच्या पायांचे स्नायू निर्जीव होऊन पावले वळतात आणि डोक्यात पाणी साचते. मूत्रपिंडे नसलेल्या गर्भाभोवतीचे पाणी आटते, त्यामुळे फुप्फुसे वाढत नाहीत, चेहरा चेपतो, पाय वाकडे होतात. येथे व्यंगे अनेक असली तरी आघात एकच आहे, बाकीचे ओघाने आलेले. शास्त्रात याला अनुक्रम म्हणतात, आणि अनुक्रमातील दुव्याला समान कारणाचा दुवा समजणे म्हणजे धुराला आगीचा भाऊ ठरविण्यासारखे आहे. चौथे, डाउन सिंड्रोमसारखे ज्ञात समुच्चय आधी बाजूला काढले नाहीत, तर ते जाळ्याच्या मध्यभागी इतके पसरतात की त्यांच्यामागे नवीन काही दिसतच नाही; या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो. मात्र आपल्याकडे गुणसूत्रांची तपासणी सर्वांच्या वाट्याला येत नसल्यामुळे कोण ज्ञात आणि कोण अज्ञात हेच पुष्कळदा ठरत नाही. भुदरगडच्या ज्या मुलाची आपण कल्पना केली त्याच्या टाळूचा व हृदयाचा सहभाव बाविसाव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा गळाल्याने येऊ शकतो. तपासणी झाली तर ते मूल एका ओळखीच्या पुंजात जाईल, न झाली तर 'इतर' या रकान्यात.

प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या एकत्र येतात, आणि पाचवी सरस्वती गुप्त आहे असे मानून त्या प्रवाहाला आपण पंचगंगा म्हणतो. जाळे चार दाखवते. पाचवीचा शोध प्रयोगशाळेत, आईच्या जबानीत, आणि कित्येकदा आजीच्या स्मरणात घ्यावा लागतो.

यातूनच आपल्या भागाचा विशेष प्रश्न पुढे येतो. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्राची नातेव्यवस्था उत्तर व दक्षिण यांच्या मधली कशी आहे हे उलगडून दाखविले; मामाची मुलगी करावी, आत्याची करू नये, ही आपल्याकडील अनेक जातींतील रीत त्यांनी सविस्तर नोंदविली, आणि जसजसे दक्षिणेस जावे तसतशी जवळच्या नात्यातील सोयरीक वाढत जाते. सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या अपत्यात आईकडून व बापाकडून आलेला जनुक एकाच पूर्वजाचा असण्याचा संभव सोळात एक, मामा-भाचीच्या अपत्यात आठात एक. या सोयरिकींवर मला कोरडे ओढावयाचे नाहीत. अशा बहुसंख्य दांपत्यांना निरोगी मुले होतात, आणि जमीन, माया व विश्वास यांनी बांधलेली ही व्यवस्था एका आकड्याने मोडीत काढण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु नोंदवहीत आईबापांचे नाते लिहिले असेल, तर एकच जाळे दोनदा काढता येईल: एकदा नात्यातील विवाहांच्या मुलांचे, एकदा इतरांचे. जो दुवा फक्त पहिल्या जाळ्यात जाड होतो, त्याच्यामागे दोन्हीकडून मिळावा लागणारा सुप्त जनुक असण्याची शक्यता बळावते. टेक्सासला ही संधी नाही. ती कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव या पट्ट्याला आहे, आणि ती आपण वाया घालवीत आहोत याचे मला मनापासून वाईट वाटते.

आहाराचेही तसेच. कण्याची फट मिटण्याचे कार्य गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत संपते, आणि फॉलिक आम्लाने ती न मिटण्याचा धोका पुष्कळच कमी होतो हे ब्रिटनमधील १९९१ च्या प्रयोगाने सिद्ध केले. परंतु पुण्याच्या कौमुदी गोडबोले, चित्तरंजन याज्ञिक आदींनी २०११ मध्ये मांडलेल्या अभ्यासाचा रोख असा, की आपल्या शाकाहारप्रधान समाजात बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव अधिक लक्ष देण्याजोगी आहे. जाळ्यात प्रत्येक गाठीला मातेच्या रक्ताचा हा तपशील जोडता आला, तर कण्याच्या दोषाभोवतीचे कोणते दुवे बी-१२ बरोबर सैल होतात हे पाहता येईल.

नोंदी नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघर येथून, सुरू झाला. त्याखाली पथके अंगणवाड्या व शाळांतून मुले तपासतात, आणि तीस विकारांच्या यादीत जन्मजात म्हणून नऊ आहेत: कण्याची फट, डाउन सिंड्रोम, दुभंगलेला ओठ वा टाळू, वळलेले पाऊल, खुब्याचा सांधा, मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष, आणि अकाली जन्मलेल्यांचा दृष्टिपटलविकार. या कार्यक्रमाने किती मुलांची हृदये आणि पावले सावरली असतील याला गणती नाही, आणि त्याच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु त्याची बेरीज विकारनिहाय होते. तीन रकान्यांत खूण असलेले एक मूल आणि एकेका रकान्यात खूण असलेली तीन मुले, ही त्या बेरजेत सारखीच.

कोल्हापुरात दुसरेही एक दप्तर आहे, आणि त्याचा इतिहास दुःखद आहे. २००१ च्या शिरगणतीत या जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे केवळ ८३९ मुली उरल्या होत्या. तेव्हा जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या कारकिर्दीत, २००९-१० च्या सुमारास, सोनोग्राफी यंत्रांवर तपासणीची नोंद ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे उपकरण बसविण्याचा आणि गर्भवतींच्या तपासणीची विवरणपत्रे, म्हणजे एफ नमुने, संगणकावर घेण्याचा उपक्रम येथे सुरू झाला. उद्देश लेकी वाचविण्याचा होता. पण प्रत्येक गर्भाची तपासणी कोणत्या कारणासाठी झाली हे त्या नमुन्यात लिहावे लागते; आणि जी गर्भारपणे गंभीर व्यंगामुळे पूर्णत्वास जात नाहीत त्यांचा ठावठिकाणा जन्माच्या दप्तरात कधीच मिळणार नाही, तो मिळाला तर येथेच. मुंबई उच्च न्यायालयात २००८ मध्ये एका दांपत्याला हृदयदोष असलेल्या गर्भाच्या गर्भपाताची परवानगी नाकारली गेली, त्यावर देशभर चर्चा झाली, आणि २०२१ च्या सुधारणेने वैद्यकीय मंडळाच्या संमतीने अशा गर्भपाताची मुदत उठविली. याचा अर्थ, सर्वांत तीव्र सहभाव असलेली बालके यापुढे जन्मनोंदीत आणखी विरळ होत जातील, आणि केवळ जन्मलेल्यांचे जाळे काढणारा संशोधक विरळ झालेल्या दुव्यांना रोगच कमी झाला असे समजून बसेल.

करावयाचे काय ते फार खर्चाचे नाही. सव्यंग मुलाची नोंद मुलागणिक एका पानावर व्हावी. त्यात दिसलेले सर्व दोष, क्षुल्लक वाटणारेही, शब्दांत लिहावेत. आईबापांचे नाते, आईचे माहेर व राहता तालुका, गरोदरपणातील ताप व औषधे, मृतजन्म व गर्भपात यांना जागा असावी. शक्य तेथे छायाचित्र असावे. चेन्नईत २००१ पासून डॉ. सुरेश यांच्या प्रेरणेने भारतीय जन्मव्यंग नोंदवही चालते, म्हणजे नमुन्यासाठी विलायतेकडे पाहण्याची गरज नाही. वर्षाला दोन-अडीचशे अनेकव्यंगी मुले हा आकडा मात्र जाळ्यासाठी तुटपुंजा आहे, म्हणून सांगली, सातारा, सिंधुदुर्ग आणि राज्याची सीमा ओलांडून बेळगाव यांची दप्तरे एकत्र आली पाहिजेत. रुग्ण ती सीमा रोज ओलांडतातच. गुप्ततेची काळजी नाव खोडल्याने मिटत नाही. गगनबावडा हा लोकसंख्येने सर्वांत लहान तालुका; तेथील अन्ननलिका, अंगठा आणि मूत्रपिंड या तिघांचा दोष असलेले मूल नावावाचूनही ओळखू येईल, तेव्हा जाळे प्रसिद्ध करताना तालुक्याचा तपशील मागे ठेवावाच लागेल.

क्षुल्लक वाटणारेही लिहावे असे मी म्हटले, त्याचे कारण सांगतो. दुभंगलेल्या ओठाच्या मुलाला घेऊन आलेले आईबाप शस्त्रक्रियेची तारीख ठरली की बहुधा एकच प्रश्न विचारतात: पुढच्या बाळाला होईल का? केवळ ओठाचा दोष असेल तर हा धोका शंभरात तीन ते पाच. पण अशा मुलांपैकी शंभरात सुमारे दोघांच्या खालच्या ओठावर, मध्यरेषेच्या दोहो बाजूंस, टाचणीने टोचल्यासारखे दोन खळगे असतात. ते दुखत नाहीत, दूध पिण्याच्या आड येत नाहीत, आणि नऊ विकारांच्या यादीत त्यांना जागा नाही. व्हॅन डर वूड यांनी १९५४ मध्ये या सहभावाचे वर्णन केले, आणि त्याचा जनुक २००२ मध्ये सापडला. तेच खळगे आईच्या किंवा बापाच्या ओठावर असले, तर तो जनुकदोष पुढच्या बाळात उतरण्याचा संभव शंभरात पन्नास होतो. म्हणून मुलाचा ओठ तपासणाऱ्याने कागदावर सही करण्यापूर्वी मान वर करून आईच्या ओठाकडे पाहावे, बापाला दिव्याजवळ बोलवावे, आणि जे दिसेल ते त्याच पानावर लिहून ठेवावे.